घरगुती मेणबत्तीसाठी योग्य जाडीच्या वातीची निवड

पवना नदीच्या खोऱ्यातील रहाटणी हे एकेकाळी शेतीवर जगणारे गाव होते. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० साली स्थापन झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली आणि कारखानदारीच्या वाढीबरोबर रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर, थेरगाव, वाकड ही गावे हळूहळू शहरात सामावली गेली. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. या बदलाने पुष्कळांची जमीन गेली, परंतु त्याची दुसरीही एक बाजू आहे. मावळ, मुळशी व खेड या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांना आणि महिला बचत गटांना घरी तयार केलेल्या मालासाठी जवळच मोठे गिऱ्हाईक उपलब्ध झाले आहे.

अशा मालांपैकी मेणबत्ती हा एक होय. दिवाळीपासून नाताळापर्यंत तिला चांगली मागणी असते. भाताची लावणी आटोपल्यापासून कापणी सुरू होईपर्यंत घरातील माणसांना जी थोडी उसंत मिळते, त्या काळात हे काम करता येते. भांडवल थोडे लागते, जागा थोडी लागते आणि कसबही लवकर हाती येते. तरीसुद्धा घरगुती मेणबत्त्यांविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. मेणबत्ती दिसावयास सुबक असते, परंतु नीट जळत नाही. कोणी म्हणते मध्येच विझते, कोणी म्हणते धूर फार होतो, कोणी म्हणते निम्मे मेण तसेच राहते. अशा वेळी मेण हलके होते अशी समजूत करून घेतली जाते व पुढील खेपेस अधिक महाग मेण आणले जाते. वस्तुतः बहुतेक वेळा दोष मेणाचा नसून वातीच्या जाडीचा असतो. मेणबत्ती पहिल्यांदा रूपावर विकली जाते हे खरे, परंतु दुसऱ्यांदा ती जळण्यावरच विकली जाते. म्हणून वातीची निवड हा या धंद्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय समजावा.

वातीचे कार्य

आपल्याकडे समई व निरांजन घरोघरी असल्यामुळे वातीचे काम कोणास नवीन नाही. समईतील कापसाची वात तेल शोषून टोकापर्यंत नेते व तेथे ते जळते. मेणबत्तीतही हेच घडते. मात्र त्यात दोन महत्त्वाचे फरक आहेत.

पहिला फरक असा की, तेल आधीच पातळ असते, तर मेण घट्ट असते. ज्योतीच्या उष्णतेने मेण प्रथम वितळते, वातीच्या धाग्यांमधील बारीक पोकळ्यांतून केशाकर्षणाने वर चढते, ज्योतीपाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वात स्वतः फारच थोडी जळते. प्रकाश मिळतो तो मेणाच्या वाफेपासून. ही गोष्ट गावातील बैठकीत सहज दाखविता येते. काही वेळ जळलेली मेणबत्ती फुंकून विझवावी आणि वातीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेत, वातीपासून दोनतीन सेंटिमीटर वर, पेटती काडी लगेच धरावी. ज्योत धुराच्या मार्गाने खाली उडी घेऊन वात पुन्हा पेटविते. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळाच्या सुटीत मुलांसाठी मेणबत्ती या एकाच विषयावर सहा व्याख्याने दिली होती. त्यांत असे साधे प्रयोग करून त्याने ज्वलनाची तत्त्वे समजावून सांगितली.

दुसरा फरक असा की, समईची वात आपण हाताने पुढे सारतो व काजळी धरली की झाडतो. मेणबत्तीत मेण खाली जाईल तशी वात उघडी पडत जाते. म्हणून तिचे टोक आपोआप जळून आखूड व्हावयास हवे. जुन्या काळी पिळाच्या साध्या वाती वापरीत, त्या मध्ये ताठ उभ्या राहत आणि त्यांचे टोक वारंवार कात्रीने छाटावे लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस याने वेणी घातलेली वात प्रचारात आणली. वेणीची वात जळताना एका बाजूस वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या अधिक उष्ण भागात येते आणि तेथे जळून जाते. त्यामुळे छाटण्याचे काम पुष्कळ कमी झाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्योत जितके मेण वितळविते तितकेच वातीने वर नेले पाहिजे, आणि वात जितके वर नेते तितके ज्योतीत पूर्ण जळले पाहिजे. हा मेळ बसविणारी वात ती योग्य वात.

चुकीच्या वातीची लक्षणे

वात बारीक असल्यास ज्योत लहान राहते व मेण फक्त मध्यभागी वितळते. काही तासांनी मेणबत्तीत विहिरीसारखे खोल भोक पडते आणि कडेचे मेण न जळता उभे राहते. भोवती साचलेल्या मेणात ज्योत बुडून विझते. सडपातळ मेणबत्तीत याहून वेगळा परिणाम दिसतो. वितळलेले मेण जाळण्यास वात अपुरी पडते, ते काठापर्यंत साचते व बाहेर ओघळते. ओघळ दिसताच वात जाड आहे असे समजून ती आणखी बारीक केली, तर दोष वाढतो.

वात जाड असल्यास ज्योत उंच होते, थरथरते व तिच्या टोकातून काळा धूर निघतो. वातीच्या शेंड्यावर काजळीचे बोंड धरते. मेणाचे तळे खोल व फार पातळ होते, मेणबत्तीची भिंत मऊ पडून फुटते आणि मेण एकदम वाहून जाते. काचेच्या भांड्यातील मेणबत्ती असेल तर भांडे फार तापते आणि तडकण्याची भीती असते. मेणबत्ती लवकर संपते ती वेगळीच.

योग्य वातीची ज्योत स्थिर व थेंबाच्या आकाराची असते. ती साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर उंच राहते, डोळ्यांना दिसेल असा धूर तिच्यातून निघत नाही, आणि वात किंचित वाकून तिचे टोक लाल दिसते.

मात्र हे सर्व दोष वातीच्या माथी मारण्यापूर्वी इतर कारणे तपासावीत. वाऱ्याच्या झोतात कोणतीही मेणबत्ती ओघळते. वात मध्यावर नसेल तर एकाच बाजूची भिंत वितळते. वात फार लांब ठेवली तर योग्य जाडीची असूनही धूर करते. पेटविण्यापूर्वी ती सुमारे ६ मिलिमीटर उंचीवर कापावी. ज्योत तडतडत असेल तर वातीत किंवा मेणात पाण्याचा अंश आहे असे समजावे. पावसाळ्यात मावळ-मुळशीसारख्या भागात वातीची रिळे उघडी ठेवल्यास हा दोष हमखास येतो. ती घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावीत.

वातीचे प्रकार

बाजारात मिळणाऱ्या वाती सामान्यतः पुढील प्रकारच्या असतात.

(१) पिळाची वात : सुताचे काही धागे एकत्र पिळून केलेली. ती स्वस्त असते आणि लहान, थोड्या वेळात संपणाऱ्या मेणबत्तीस चालते. मोठ्या मेणबत्तीत ती भराभर जळते व ताठ राहिल्याने काजळी धरते.

(२) चपट्या वेणीची वात : सडपातळ व मध्यम जाडीच्या उभ्या मेणबत्त्यांसाठी ही चांगली. ही एका बाजूस नीट वाकते.

(३) चौकोनी वेणीची वात : ही अधिक भरीव असते. मधमाश्यांच्या मेणाच्या व जाड खांबासारख्या मेणबत्त्यांसाठी ही पसंत केली जाते, कारण ती सहजासहजी चोंदत नाही.

(४) गाभ्याची वात : हिच्या मध्यभागी कागद, कापूस किंवा धातूची बारीक तार असते. काचेच्या अथवा पत्र्याच्या भांड्यातील मेणात वात उभी राहावी म्हणून ती वापरतात. धातूची तार असलेली वात घेताना ती शिशाची नाही याची खात्री करावी. शिसे जळताना विषारी अंश हवेत जातो. याच कारणास्तव अमेरिकेत शिशाच्या तारेच्या वातींवर २००३ पासून बंदी आहे. तार उघडी करून पांढऱ्या कागदावर घासावी. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती वात घेऊ नये. घरगुती कामासाठी संपूर्ण सुती वात सर्वांत निर्धोक होय.

वेणीच्या वातीला दिशा असते. वेणीचे पेड गव्हाच्या ओंबीतील दाण्यांप्रमाणे दोन्ही बाजूंस फाकलेले दिसतात. ओंबी शेतात जशी उभी असते, म्हणजे दाणे वर व बाहेर फाकलेले, तशीच वात मेणबत्तीत उभी असावी. रिळातून वात कापताना वरच्या टोकास गाठ मारून ठेवण्याची सवय लावावी, म्हणजे घोटाळा होत नाही.

निवड करताना विचारात घ्यावयाच्या बाबी

व्यास : वातीची जाडी मेणबत्तीच्या उंचीवर नव्हे, तर व्यासावर अवलंबून असते. येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या मेणबत्तीचा माथा सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर भरतो, पाच सेंटिमीटर व्यासाचा १९.६, आणि साडेसात सेंटिमीटर व्यासाचा ४४.२. म्हणजे व्यास दुप्पट झाला की वितळवावयाचा पृष्ठभाग चौपट होतो. म्हणून एका साच्यात उत्तम जळलेली वात दुसऱ्या साच्यात तशीच चालेल असे गृहीत धरू नये. आठ-दहा सेंटिमीटरांहून रुंद भांड्यात एकच फार जाड वात घालण्यापेक्षा दोन किंवा तीन बारीक वाती सारख्या अंतरावर लावणे इष्ट असते. व्यास वर निमुळता होत जात असेल तर सर्वांत रुंद व सर्वांत अरुंद अशा दोन्ही ठिकाणी मेणबत्ती कशी जळते हे पाहिल्याशिवाय वात पक्की करू नये.

मेणाची जात : पॅराफिन मेण वितळल्यावर पाण्यासारखे पातळ होते व वातीतून सहज चढते. त्यास तुलनेने बारीक वात पुरते. मेणबत्तीसाठी सामान्यतः ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारे पॅराफिन वापरतात. त्यात शेकडा १० पर्यंत स्टिअरिक आम्ल मिसळल्यास मेणबत्ती अधिक कडक व पांढरी होते. परंतु हे प्रमाण बदलले की वातीची चाचणी पुन्हा घ्यावी. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांस वितळते व वितळल्यावरही काहीसे दाट राहते. त्यास त्याच व्यासाच्या पॅराफिनच्या मेणबत्तीपेक्षा जाड वात लागते. सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या मेणासही बहुधा जाड वातच घ्यावी लागते.

मधमाश्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. पोळे पिळून मध काढल्यावर उरणारे मेण पुष्कळदा टाकून दिले जाते. वास्तविक ते पॅराफिनपेक्षा मौल्यवान असते. मात्र त्यात मधाचा, परागाचा व माश्यांच्या डिंकाचा अंश राहिला तर वातीची छिद्रे बुजतात आणि जाड वातही विझते. असे मेण स्टीलच्या पातेल्यात पाण्याबरोबर मंद आचेवर वितळवावे, जाड कापडातून गाळावे व सावकाश थंड होऊ द्यावे. वर आलेल्या वडीच्या तळाशी जमलेला काळपट थर सुरीने खरवडून काढावा. आवश्यक वाटल्यास ही क्रिया पुन्हा करावी.

रंग व सुगंध : मेणात विरघळणारा रंगच वापरावा. पाण्याचे रंग, चित्रकलेचे खडू किंवा रंगीत भुकटी यांचे कण मेणात विरघळत नाहीत. ते वातीत जाऊन बसतात. सुगंधी तेलाने मेणाचा दाटपणा बदलतो. म्हणून पांढऱ्या, रंगीत व सुगंधी मेणबत्त्यांसाठी वात वेगवेगळी ठरविण्याची तयारी ठेवावी.

विक्रेत्याचे क्रमांक : वातीवरील क्रमांक सर्व कारखानदारांचा सारखा नसतो. एका रिळावरील क्रमांक दोन आणि दुसऱ्या कारखान्याचा क्रमांक दोन यांची जाडी वेगळी असू शकते. यावर सोपा उपाय असा. वातीचे बरोबर १० मीटर मोजून ते बारीक काट्यावर तोलावेत आणि आलेले वजन क्रमांकाबरोबर वहीत लिहून ठेवावे. पुढे दुकान बदलले तरी त्याच विणीची व त्याच वजनाची वात मागता येते. एकाच कारखान्याच्या नव्या रिळाचेही वजन करून पाहावे.

घरी वात तयार करणे

बाजारची वात मिळत नसल्यास किंवा अभ्यासासाठी वात घरीही करता येते. खळ व रंग नसलेले निव्वळ सुती सूत घ्यावे. नायलॉनचा किंवा मिश्र धागा घेऊ नये. तो जळण्याऐवजी वितळतो. तीन पेडांची घट्ट व सारखी वेणी घालावी. पहिल्या वातीस प्रत्येक पेडात ४ धागे, दुसरीस ५, तिसरीस ६ याप्रमाणे घेतल्यास एकामागून एक जाड होत जाणाऱ्या वातींची मालिकाच तयार होते व चाचणीस उपयोगी पडते.

वातीची राख मागे राहून काजळी धरू नये व विझविल्यावर ती धुमसत राहू नये म्हणून तीवर क्षारांची प्रक्रिया करतात. एक पेला कोमट पाण्यात एक मोठा चमचा मीठ व दोन मोठे चमचे टाकणखार विरघळवून त्यात वात रात्रभर भिजत ठेवावी. नंतर ती टांगून दोनतीन दिवस पूर्णपणे वाळवावी. टाकणखार पोटात गेल्यास अपायकारक असल्यामुळे त्याची भांडी वेगळी ठेवावीत व मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. बाजारातील वेणीच्या वातीवर ही प्रक्रिया बहुधा केलेली असते. तिला पुन्हा ती करू नये.

शेवटी कोरडी वात वितळलेल्या मेणात बुडवावी. धाग्यांतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागते. बुडबुडे थांबले की वात बाहेर काढून दोन्ही टोकांनी ताणावी व कागदावर सरळ वाळवावी. अशी मेण पाजलेली वात पहिल्या काडीस पेटते आणि साच्यात ताठ उभी राहते. भांड्यातील मेणबत्तीसाठी तिच्या खालच्या टोकास पत्र्याची लहान बैठक बसवावी.

जाळून पाहण्याची चाचणी

कोणताही तक्ता किंवा विक्रेत्याचा सल्ला हा फक्त सुरुवातीचा अंदाज असतो. शेतकरी नव्या वाणाचे बी सर्व रानात एकदम पेरीत नाही. आधी एका वाफ्यात पेरून पाहतो. तोच न्याय येथे लावावा.

(१) ज्या साच्यात व ज्या मेणात माल काढावयाचा आहे त्याच साच्यात, त्याच मेणात, त्याच रंग-सुगंधासह नमुने करावेत. अंदाजाने योग्य वाटणारी वात, तिच्याहून एक क्रमांक बारीक व एक क्रमांक जाड, अशा तीन वाती घ्याव्यात. प्रत्येकीच्या दोन मेणबत्त्या, म्हणजे एकूण सहा, कराव्यात. वातीखेरीज दुसरे काहीही बदलू नये. एकाच वेळी वात व मेण दोन्ही बदलले, तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हे कळत नाही.

(२) मेणबत्त्या निदान एक दिवस तशाच राहू द्याव्यात. नंतर प्रत्येकीचे वजन करून तळाशी चिठ्ठी चिकटवावी.

(३) वारा नसलेल्या खोलीत, न जळणाऱ्या पृष्ठभागावर, एकमेकींपासून वीतभर अंतरावर ठेवून त्या पेटवाव्यात. चाचणी चालू असताना कोणीतरी सतत जवळ असावे.

(४) दर तासाला ज्योतीची उंची, मेणाच्या तळ्याची रुंदी, धूर, काजळीचे बोंड आणि ओघळ यांची नोंद करावी. चार तासांनी विझवून, पूर्ण थंड झाल्यावर, पुन्हा वजन करावे.

(५) वात पुन्हा ६ मिलिमीटरवर कापून हीच क्रिया मेणबत्ती संपेपर्यंत करावी. अर्ध्यावर चाचणी सोडू नये. भांड्यातील मेणबत्ती जसजशी खाली जाते तसतशी उष्णता आत कोंडते, आणि भांडे तडकण्याचा खरा धोका शेवटीच असतो. भांड्यात सुमारे एक सेंटिमीटर मेण शिल्लक राहिले की जाळणे थांबवावे, आणि ही सूचना गिऱ्हाइकासही द्यावी.

निर्णय असा करावा. उघड्या खांबासारख्या मेणबत्तीत तळे काठापासून अर्धा ते एक सेंटिमीटर अलीकडे थांबले पाहिजे, म्हणजे भिंत शाबूत राहते. भांड्यातील मेणबत्तीत व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरांस सुमारे एक तास या हिशेबाने तळे काचेपर्यंत पोहोचावे व त्याची खोली एक सेंटिमीटरच्या आत राहावी. पहिल्या वेळी काचेलगत मेणाचा पातळ थर राहिला तर लगेच जाड वात घेऊ नये. तो थर पुढे बहुधा वितळून जातो. दोन वाती जवळजवळ सारख्या ठरल्या तर त्यांतील बारीक वात निवडावी. ती मेण कमी खाते व धूर कमी करते.

चाचणीचा हिशेब

चाचणीत मेण फुकट जाते, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर आकड्यांत पाहावे. पाच सेंटिमीटर व्यासाची व अकरा सेंटिमीटरांहून किंचित अधिक उंचीची पॅराफिनची मेणबत्ती साधारण २०० ग्रॅम भरते. अशा सहा नमुन्यांना १ किलो २०० ग्रॅम मेण लागते. समजा, एखाद्या बचत गटाने दिवाळीसाठी ५० किलो मेणाच्या २५० मेणबत्त्या केल्या आणि वात बारीक पडल्यामुळे एकतृतीयांश मेण कडेला न जळता राहिले. म्हणजे गिऱ्हाइकांनी १६ किलोंहून अधिक मेणाचे पैसे उगाच भरले. ती गिऱ्हाइके नाताळात परत येत नाहीत, आणि साच्यात वात एकदा गोठली की चूक दुरुस्त करण्यासाठी सगळा माल वितळविण्याखेरीज मार्ग उरत नाही. सव्वा किलो मेण आधी जाळून हे नुकसान टाळता येते.

वजनाचा आणखी एक उपयोग आहे. समजा, २०० ग्रॅमची मेणबत्ती चार तास जळल्यावर १७२ ग्रॅम भरली. म्हणजे २८ ग्रॅम मेण जळले व ताशी खर्च ७ ग्रॅम पडला. या हिशेबाने ती सुमारे २८ तास जळेल. प्रत्यक्ष चाचणीत हा आकडा खरा ठरल्यास तो वेष्टनावर छापता येतो. रहाटणी-पिंपळे सौदागरसारख्या वस्तीतील गिऱ्हाईक अशा खऱ्या आकड्यावर विश्वास ठेवते व दुसऱ्या वेळी तोच माल मागते.

सुरक्षितता

मेणाचे पातेले थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावे. मेण तापत असताना जागा सोडू नये. मेणाने पेट घेतल्यास त्यावर पाणी मुळीच ओतू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन पेटते मेण चहूकडे उडते. आच बंद करून घट्ट झाकण ठेवावे किंवा कोरडी वाळू टाकावी. सुती लुगडे किंवा वापरात असलेली सुती साडी नेसून, पदर खोचून काम करावे. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

मेणबत्तीच्या नावाखाली होणारे एक काम मात्र घरात किंवा गटात कधीही स्वीकारू नये. वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या, ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्यांत शोभेच्या दारूचे मिश्रण भरलेले असते. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे अशा मेणबत्त्या तयार करणाऱ्या एका विनापरवाना कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी सहाजण मरण पावले व पुढे उपचार चालू असताना आणखी काहीजण दगावले. बळी पडलेल्यांत बहुतेक रोजंदारीवर काम करणाऱ्या महिला होत्या. सुती वातीची मेणबत्ती आणि दारूची नळकांडी या दोन सर्वस्वी वेगळ्या वस्तू आहेत. कोणी भुकटी आणून दिली व नगामागे मजुरी देऊ केली, तर ती भुकटी कशाची आहे हे विचारावे आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास काम नाकारून पोलीस किंवा अग्निशमन दलास कळवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक गटास स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे.

शिक्षण व साहाय्य

मधमाश्यापालन व मेण यांविषयी शिकण्याची सोय पुण्यातच आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची स्थापना १९५७ साली झाली आणि आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ साली पुण्यात सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर भागात मधमाश्यापालनाची परंपरा जुनी असून, त्या तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली राज्यातील पहिले मधाचे गाव म्हणून पुढे आले. महाबळेश्वर येथेच दृष्टिहीन उद्योजक भावेश भाटिया यांनी १९९० च्या दशकात मेणबत्तीचा धंदा उभा केला. मुंबईच्या राष्ट्रीय अंधजन संघटनेत त्यांनी हे काम शिकून घेतले होते, आणि पुढे त्यांनी अनेक दृष्टिहीन व्यक्तींना त्यात रोजगार दिला. माप, वजन व क्रम नीट बसविला तर हे काम कोणालाही साध्य आहे, हे या उदाहरणावरून दिसून येते.

कार्यकर्त्यांनी एखाद्या गटाकडे प्रथम जाताना साच्यांची यादी विचारण्याऐवजी वातीची वही विचारावी. वही नसल्यास ती घालून द्यावी. तीत साच्याचा व्यास, मेणाची जात, रंग व सुगंध, वातीचा प्रकार, दहा मीटर वातीचे वजन, चार तासांत जळलेले मेण आणि आढळलेले दोष एवढे सात रकाने पुरेसे आहेत. दोन हंगामांत त्या गटाचा स्वतःचा तक्ता तयार होतो. तो त्यांच्याच साच्यांवर व त्यांच्याच मेणावर पारखलेला असल्यामुळे बाहेरच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

दिवाळीच्या मालासाठी ही चाचणी श्रावणातच सुरू करावी. सहा मेणबत्त्या पूर्ण जाळून, नोंदी पाहून आणि गरज पडल्यास दुसरी फेरी घेऊन वात ठरविण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. त्यानंतरच मेणाची मोठी खरेदी करावी.